दहा दुणे वीस आणि गुरुजींचा वाफा

एका गावात एक गुरुजी होते आणि ते कायम वैतागलेले असत. त्यांच्या वैतागाला कारणही तसंच होतं. कुठलंही गणित घाला, पोरं वाचायच्या आधीच विचारायची, "गुरुजी, गुणायचं की मिळवायचं?"

सुरुवातीला गुरुजी समजावत, "अरे, आधी वाच, आकृती काढ, मग ठरव." पण समजावायला वेळ लागतो आणि पोरांना घाई. शेवटी गुरुजीही कंटाळले. कुणी तोंड उघडलं रे उघडलं की "गुण!" नाहीतर "मिळव!" असं ओरडून मोकळे व्हायचे. वर्ग शांत, उत्तरं बरोबर, सगळे खूश! आता अशा माणसाला काय म्हणावं?

गुरुजींच्या बायकोने त्या वर्षी अंगणात घेवडा लावला. तिची आई वारली तेव्हा उतरंडीच्या तळाशी सापडलेलं मूठभर बी तिने जपून आणलं होतं. ते सगळंच तिने पेरलं. वेल वीतभर वाढले तशी ती म्हणाली, "अहो, शेजारची शेळी रोज टक लावून बघते. आईची एवढीच खूण आहे माझ्याकडे. कुंपण घाला लवकर."

वर्गात बुरुडाची मुलगी होती. गुरुजींनी तिला सांगितलं, "वाफा दहा हात लांब आणि दोन हात रुंद आहे. भोवती कामट्यांचं कुंपण हवंय. किती हात लागेल ते तूच काढ आणि तुझ्या बाबांना विणायला सांग."

मुलीने विचारलं, "गुरुजी, गुणायचं की मिळवायचं?"

गुरुजींच्या कपाळाची शीर उठली. "गुण!" ते ओरडले.

दोन दिवसांनी बुरुडाने वीस हात कुंपण आणून दिलं, दहा-दहा हातांचे दोन तुकडे. विणकाम इतकं घट्ट की बोट शिरणार नाही. गुरुजींनी स्वतः खुंट्या ठोकल्या. एक लांब बाजू झाली. दुसरी लांब बाजू झाली. आणि कुंपण संपलं! दोन्ही टोकं सताड उघडी.

गुरुजी तसेच तरातरा मुलीच्या घरी गेले. "किती काढलंस गं?"

"वीस. दहा दुणे वीस. चुकलं का, गुरुजी?"

गुरुजींनी बोटांवर मोजलं. दहा दुणे वीसच होत होते.

"अगं, पण भोवती घालायचं होतं! एवढंही कळू नये तुला?"

मुलगी रडवेली झाली. "तुम्हीच म्हणालात ना, गुण."

गुरुजी परतले. तोवर शेळी एका टोकाने शिरून, सगळा वाफा चरून, दुसऱ्या टोकाने निवांत बाहेर पडली होती. एकच वेल उरला होता, त्यालाही जेमतेम दोन पानं. बायको त्याच्याजवळ बसली होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं गुरुजींना वाटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तेच गणित पुन्हा घातलं. मुलीने भीत भीत विचारलं, "गुरुजी, गुणायचं की..."

"गु..." गुरुजींच्या तोंडून निघालंच होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग म्हणाले, "पाटीवर वाफा काढ. आता तू शेळी आहेस. कुठून शिरशील?"

मुलीने चौकोन काढला आणि त्याच्या कडेकडेने बोट फिरवलं. दहा, मग दोन, मग पुन्हा दहा, पुन्हा दोन. बोट निघालं तिथे परत आलं, तेव्हा ती हसली. "चोवीस, गुरुजी! चार हात कमी पडलं होतं. बाबांना सांगते."

या एका गणिताला अख्खी सकाळ गेली. संध्याकाळी त्या एकुलत्या वेलाभोवती चारही बाजूंनी कुंपण उभं राहिलं. शेंगा धरल्या तेव्हा बायकोने एकही भाजीत घातली नाही. सगळ्या बियाण्याला ठेवल्या.

तात्पर्य: वैतागून दिलेल्या उत्तराने पोर गप्प बसतं, शहाणं होत नाही; आणि जिथे समजावणं राहून जातं, शेळी तिथूनच शिरते.