साळूबाईचा काटा

जनावरं भांडायच्या आधी बोलून घ्यायची, तेव्हाची गोष्ट. युरोपातून हिवाळ्याला आलेला करकोचा रानात म्हणाला, "आमच्याकडे धडधाकट असो की आजारी, दर आठवड्याला प्रत्येकजण एक औषधी मुळी वैद्याच्या ढोलीत टाकतो. मग कुणीही आजारी पडो, औषध तयार!"

अस्वलवैद्यांना हे पटलं. पण मुळ्या उकरण्यात पटाईत असलेली साळूबाई साळिंदर फिसकन हसली. "माझे काटे बघा, वैद्यबुवा. मला काय धाड भरलीय? आजारी असेल त्याने आणावी मुळी!"

झालं! जवळजवळ सगळ्या धडधाकटांनी अंग काढून घेतलं, आणि आजाऱ्यांना उकरता येईना.

एके दिवशी साळूबाईच्या पंजात काटा घुसला. कुणाचा? तिचाच, गळून पडलेला! पंजा भोपळ्याएवढा सुजला. लंगडत ती ढोलीपाशी आली, तर आत एकच मुळी. शंभर वर्षांत कधी न शिंकलेल्या कासवाने टाकलेली. अस्वलाने तीच ठेचून लावली.

बरी होताच साळूबाई मुळ्या गोळा करत दारोदार हिंडू लागली.

"मावशी, मी तर ठणठणीत आहे!" ससा म्हणाला.

साळूबाईने पंजा त्याच्या नाकासमोर धरला. "मीही होते, बाळा. काढ मुळी!"