ठकूमावशी आणि सोललेली लाकडं

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-आमच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, घाटाखालच्या खैरमाळात ठकूमावशी राहायची. सालीवर हात फिरवला की ती झाड सांगायची. खडबडीत, भेगाळलेली साल, तो ऐन. गुळगुळीत, पांढुरकी, तो धावडा. तोंडाची भारी तिखट, त्यामुळे मोळीत ओलं लाकूड लपवणारे तिच्या दारावरून जातच नसत. झाडं तिला आपण होऊन नाव सांगायची, असं म्हणतात.

बाळंतिणीच्या शेगडीचं लाकूड आधी तिच्या हाताखालून जायचं. कारण बिब्ब्याचं एक ढलपं जळलं, तरी त्या धुरानं धडधाकट माणसं सुजतात. तिथे तान्ह्या बाळाचा काय टिकाव लागणार?

एका पावसाळ्यात झड लागली ती थांबेचना. त्यात येसू दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. पोर एवढंसं, अंग गार. वाडीत कोरडं लाकूड उरलं होतं ते येसूच्याच माळ्यावर. ठकूमावशीनं ते खाली काढायला लावलं, आणि बघते तर एकाही लाकडाला साल नाही.

"लवकर वाळतील म्हनून म्याच सोलली, मावशे," येसूचा नवरा धोंडू म्हणाला.

"साल म्हंजी झाडाचं नाव असतंय, येड्या. त्येच पुसलंस व्हय?"

तिनं एकेक टोक तासलं, रेषा निरखल्या आणि दोन ढीग केले. एक ढीग शेमटीच्या झाडाचा, म्हणजे निर्धोक. दुसरा बिब्ब्याचा. पण धुरानं काळवंडलेल्या लाकडांत कुठला ढीग कशाचा, ते तिलाही कळेना. आत पोराचं रडणं बारीक होत चाललं होतं.

मग तिनं एका ढिगातलं लाकूड पडवीत पेटवलं आणि धुरात तोंड घातलं. बघता बघता तोंड सुजलं, डोळे मिटले.

"दुसरा ढीग न्या आत," ती म्हणाली.

"मावशे, तुजं डोळं..."

"आदी पोराला शेक द्या."

पोर जगलं. मावशीचे डोळे पुन्हा उघडले नाहीत. पण पुढे ती नुसत्या अंगठ्यानं रेषा वाचायची, आणि त्या झाडावर कुठलं पाखरू घरटं करायचं तेही सांगायची, असं म्हणतात. अशी बाई पुन्हा झाली नाही, हे मात्र मी स्वतः म्हणतो.

खैरमाळात आजही लाकूड सोलताना चार बोटं साल राखतात. तिला ठकूची साल म्हणतात. आणि बाळंतिणीची शेगडी पेटली की बाळाचा बाप पहिल्या धुरात आपलं तोंड धरतो. मगच ती शेगडी आत जाते.