काचेवरचा कागद

“थेंब उडणारच नाही, तर काच झाकायची कशाला?”

विश्वंभर शिडीवरून विचारत होता. हातात ब्रश, पायाशी रंगाची बादली. डोंगरावरच्या मठातली ध्यानाची खोली सकाळपर्यंत तयार व्हायला हवी होती. खालच्या गावातून माणसं पहिल्यांदाच इथे बसायला येणार होती.

मठाच्या प्रमुख आणि विश्वंभरच्या गुरू चिमाआई उंबऱ्यात उभ्या होत्या. एका हातात जुनी वर्तमानपत्रं, दुसऱ्या हातात खळीचं भांडं.

“झाक, बाबा.”

“आई, माझा हात बघा. जरा तरी हलतो का? झाकाझाक कच्च्या माणसांनी करावी.”

चिमाआईंनी कागद आणि भांडं उंबऱ्याशी ठेवून दिलं.

हे नुसतं काचेबद्दल नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. विश्वंभर बोलायला लागला की माणसं जागची हलत नसत. त्याच विश्वंभरला आईंनी रोज सकाळी न्याहारीपर्यंत मौन सांगितलं होतं. माझ्या तोंडून वावगा शब्द जात नाही, मग मला मौन कशाला, असा त्याचा वाद कधीपासून चालू होता.

“बरं,” आई म्हणाल्या. “नको झाकूस. काचेवर थेंब पडला नाही, तर मौनही सोड.”

“खरंच?”

“खरंच.”

विश्वंभरने शिडीवरच टाळी वाजवली.

दुपार कलली तसा तो अंगणात धावत आला. “आई! चला! आधी चला!” त्याने त्यांचा हात धरून जवळजवळ ओढतच आणलं.

खिडक्या लखलखत होत्या. आईंनी काचेला नाक लावून पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं.

“अरे, एक थेंब नाही!” त्या खुदकन हसल्या.

“म्हटलं नव्हतं?”

मग आई वळल्या. खिडक्यांभोवती जुन्या पिवळ्या भिंतीचा पट्टा तसाच उरला होता. त्यापलीकडे रंग लागला होता, पण तुटक, बिचकत लावलेला. कुठे दाट, कुठे नुसता पुसल्यासारखा.

“काच छान राखलीस,” त्या म्हणाल्या. “भिंत कोणी रंगवायची?”

“पण... पैज मी जिंकलो, आई.”

“जिंकलास की. मौन सुटलं तुझं.”

आणि त्या निघून गेल्या.

विश्वंभरने भिंतीवरच्या तुटक रंगावरून बोट फिरवलं. मग त्याने खळीचं भांडं ओढलं. एकेका तावाला खळ लावून सगळ्या काचा झाकल्या. खोलीत अंधारून आलं.

त्याने ब्रश बुडवला आणि खांद्यापासून हात फिरवला.

थेंब उडाले. कागदावर टपटप वाजले. वाजू देत! त्याने पुन्हा हात फिरवला, आणखी लांब. अगदी खिडकीच्या कडेपर्यंत, कडेवरून पलीकडे. नाकावर रंग, केसांत रंग. आपण मोठ्याने हसतो आहोत हे त्याला उशिरा कळलं. सगळा दिवस ज्या भिंतीने खाल्ला, ती उन्हं उतरायच्या आत पुरी झाली.

“आई! आई! अहो, या ना!”

चिमाआई लगबगीने आल्या.

“कळलं मला!” त्याला दम लागला होता. “झाकलं की हात सुटतो! आधी सगळं लक्ष काचेतच अडकलं होतं. बोलतानाही तसंच, ते शब्द सांभाळण्यातच अडकतं. आई, मौन सोडत नाही मी. न्याहारीपर्यंत कशाला, दिवसभर पाळतो. जन्मभर पाळतो! आता तोंड उघडणारच नाही!”

आईंनी त्या पांढऱ्या, एकसारख्या भिंतीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

मग त्या खिडकीपाशी गेल्या. कागदाच्या कोपऱ्यात नख घातलं आणि ताव सर्रकन ओढून काढला.

मावळतीचं ऊन खोलीभर पसरलं.

“आई, थांबा!” विश्वंभर ओरडला. “रंग अजून ओला आहे!”

“वाळला तर काच जन्मभर झाकलेलीच राहील. ओला आहे तोवरच कागद नीट निघतो, विश्वंभर.”