खोपडे पाटलांची घोडी

“...ते सगळं खरं बाबा, पण मालक कोण आहे, हे तिला कळणार कधी?”

रणधीरराव खोपडे पाटील ओढ्याकाठच्या झोपडीसमोर उभे होते. दोरी त्यांनी मुठीला तीन वेढे देऊन आवळून धरली होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मैना घोडी होती. वाळकं पान पडलं तरी ती बाजूला उडी मारत होती.

बुढनशा फकीर तंबाखू मळत बसला होता. चाळीस वर्षं त्यानं टांगा हाकला, मग टांगा सोडून फकिरी घेतली. जनावर बिथरलं की लोक अजूनही त्याच्याकडंच येत.

“मालक कोण हे कळून तिला काय करायचंय?”

“माझी अब्रू जायची वेळ आलीय, बाबा!”

अब्रूचं खरं होतं. भैरोबाच्या जत्रेत पालखीपुढं खोपड्यांची घोडी नदीपर्यंत चालते. तिच्यावर कुणी माणूस बसत नाही, कारण देव बसलेला असतो. खोपड्यानं फक्त दोरी धरून पुढं चालायचं. सात पिढ्या हे चालत आलेलं. गेल्या वर्षी हलगी कडाडली आणि मैना देवासकट रेवड्यांच्या दुकानात शिरली. यंदा पुन्हा तसं झालं तर पुढच्या सालापासून चुलतभाऊ हिंदुरावाचा घोडा, असं पंचांनी सांगून टाकलं होतं. हिंदुरावानं घोड्याची झूल शिवायलासुद्धा टाकली होती.

“काय काय केलंस आजवर?” बाबानं विचारलं.

“कानांत कापूस घातला. डोळ्यांना झापडं बांधली. चाबूक दाखवला.”

“मग?”

“गोठ्याचं दार मोडलं.”

“तू?”

“तिनं!”

बाबा उठला. घोडीसमोर जाऊन उभा राहिला. “बाईसाहेब,” तो म्हणाला, “आपण जरा सावलीत या.”

घोडीला ‘आपण’ आणि आपल्याला ‘तू’, हे पाटलांच्या लक्षात आलं. त्यांनी ते गिळलं. गरज त्यांची होती.

“तो कापूस आणलायस?”

“आणलाय.”

“दे.”

बाबानं कापसाचे दोन बोळे केले आणि पाटलांच्या कानांत कोंबले. मग त्यांच्याच उपरण्यानं त्यांचे डोळे बांधले आणि दोरीचं टोक त्यांच्या मनगटाला अडकवलं. पाटील काहीतरी ओरडले, पण ते त्यांचं त्यांनाच नीट ऐकू आलं नाही.

दोरीला हिसका बसला. पाटलांनी टाचा रोवल्या. दुसरा हिसका बसला. पाटील उलट्या दिशेनं धावले आणि बाभळीला धडकले.

मग दोरी सैल झाली.

काहीच घडेना. कुणी ओढेना, कुणी ढकलेना. पाटील धापा टाकत उभे राहिले...

बऱ्याच वेळानं दोरी किंचित हलली आणि थांबली. पाटलांनी एक पाऊल टाकलं. दोरी थांबून राहिली. त्यांनी दुसरं पाऊल टाकलं. दोरी वळली तसे तेही वळले. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले आणि त्यांनी असा लांब श्वास सोडला की पोटावरची बंडी सैल झाली. म्हाताऱ्याचा हात मोठा चांगला आहे, असं त्यांच्या मनात आलं. ते त्याला सांगावं म्हणून त्यांनी उपरणं वर केलं.

बाबा पलीकडं बाभळीखाली बसून तंबाखू खात होता. दोरीचं दुसरं टोक घोडीच्या म्होरकीला होतं. ती ओढ्याकाठचं गवत खात पुढं चालली होती आणि खोपडे पाटील तिच्या मागून.

पाटलांनी कानांतला कापूस काढला. “कधीपासून?”

“दोरी सैल झाली तेव्हापासून.”

“म्हणजे मी... घोडीच्या मागं...?”

“शहाणी आहे,” बाबा म्हणाला. “काट्यांत नाही नेलं तुला.”

पाटील रागानं घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले.

त्यानंतर रोज तेच. दोरी सैल ठेवून चालायचं. घोडी थांबली की थांबायचं. बाबा समोर छत्री उघडून धरायचा आणि घोडी डोकं खाली घालून ओठ चाटेपर्यंत कुणी हलायचं नाही. पहिल्या दिवशी छत्री फाडकन उघडली, तेव्हा दोघंही उडाले.

“आधी कोण उडालं?” बाबानं विचारलं.

“घोडी.”

“खोटं.”



अकराव्या दिवशी बाबानं पत्र्याचा डबा बडवला. मैनेचे कान ताठ झाले. पाटील जागचे हलले नाहीत. घोडीनं डोकं खाली घातलं, तोंडात काही नसताना चघळलं आणि फुर्रकन श्वास सोडला. मग आपलं कपाळ पाटलांच्या छातीवर टेकवलं. पाटलांना रडू आलं. धूळ फार आहे, असं ते म्हणाले. आदल्या रात्री पाऊस होऊन जमीन ओली होती.

जत्रेच्या दिवशी सगळा गाव रस्त्यावर होता. रेवडीवाल्यानं दुकान दहा पावलं मागं घेतलं होतं.

हलगी कडाडली. मैना थांबली.

पाटीलही थांबले. मागून हलगीवाले थांबले, त्यांच्या मागं पालखी थांबली.

“ओढा की, पाटील!” सरपंच ओरडले. “देव खोळंबलाय!”

गर्दीत बाबा फुटाणे खात उभा होता. “देवाला कुठं एस.टी. पकडायचीय?” तो म्हणाला.

लोक हसले, आणि त्या हसण्यानं पाटलांच्या हाताला जुनी सवय आठवली. मुठीवर एक वेढा पडला, मग दुसरा. मैनेचे डोळे मोठे झाले.

पाटलांनी स्वतःच्या मुठीकडं पाहिलं...

त्यांनी एक वेढा सोडला, मग दुसरा. मग पुरी दोरीच घोडीच्या पाठीवर टाकून दिली.

“सोडली! घोडी सोडली!” असा एकच गलका झाला. माणसं ओट्यांवर चढली. रेवडीवाल्यानं परात पोटाशी धरली. हिंदुराव घोडा आणायला घराकडं पळाला.

मैना थरथरत होती. पाटीलही थरथरत होते, आणि ते सगळ्या गावाला दिसत होतं. त्यांनी लांब श्वास सोडला, घोडीकडं पाठ केली आणि नदीच्या दिशेनं चालू लागले. मागं वळून पाहायची त्यांची छाती झाली नाही.

वीस पावलांवर त्यांच्या मानेला ऊन ऊन श्वास लागला.

हलगी पुन्हा सुरू झाली. घोडी त्यांच्या मागून नदीपर्यंत गेली. हिंदुराव झूल घातलेला घोडा घेऊन पोचला तेव्हा आरती संपून प्रसाद वाटला जात होता. पंचांनी पुढच्या सालच्या मानाचा नारळ रणधीररावांच्याच हातात दिला.

पाटील गर्दीतून वाट काढत बाबाकडं आले. त्यांच्या मिशा पुन्हा वर झाल्या होत्या.

“बघितलंत, बाबा? आता हलगीला भीत नाही ती!”

बाबानं मैनेच्या छातीवर हात ठेवून धडधड पाहिली.

“भिते की.”

“भिते? मग पळाली का नाही?”

बाबानं उरलेले फुटाणे तळहातावर घेऊन घोडीपुढं धरले.

“पळणार होती,” तो म्हणाला. “पण तू धरलंच नाहीस.”