जीपची किल्ली

आमच्या कबड्डी मंडळाच्या एका नियमाला 'का' विचारायचं नाही, असं मला लहानपणापासून बजावलेलं: पकडीत डोकं आपटलं, तर ज्याचं त्यानं बघायचं. मान मात्र मोठा. जिंकल्यावर मिरवणुकीत अध्यक्ष आबासाहेबांची जीप चढाईपटूनंच चालवायची.

अंतिम सामन्यात आमचा चढाईपटू, माझा भाऊ इंद्रजित, पकडीत डोक्यावर आपटला. मध्यंतरात त्यानं मला तीनदा विचारलं, "ताई, आपण कुणाशी खेळतोय?"

संघाची प्रशिक्षक म्हणून मी त्याला बाकावर बसवून ठेवलं. आबासाहेब मंडळातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन तणतणत आले.

"हळद लाव अन् उतरव मैदानात. ठणठणीत आहे गडी! कॉलेजात जाऊन भित्री झालीस तू."

"बरं," मी म्हणाले. "मग किल्ली द्या त्याला. शेजारी बसून एकदा घाट उतरून या, आल्याबरोबर खेळवते."

आबासाहेबांचा हात झटकन खिशावर गेला. "अगं, भोवळ येतेय त्याला! दरीत घालील मला!"

इंद्रजित निवांत सरबत पीत होता.

"म्हणजे तुम्हालाही दिसतंय," मी म्हणाले. "मग तो खेळणार नाही."

आबासाहेबांनी वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. त्यातल्या एकानं राखीव गड्याला हाक मारली.