बेटाला वळसा

“पण सर, सरळ का नाही जायचं?”

सारंगने हे तिसऱ्यांदा विचारलं. रेगे सर अडकित्त्याने सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले.

मी शेजारी. रॉकेटमधलं मला ओ की ठो कळत नाही. सरांच्या पडवीवर दुपारचा चहा फक्कड मिळतो, एवढाच माझा या विषयाशी संबंध. पण त्या दिवशीचं सगळं माझ्यासमोर झालं, म्हणून सांगतो.

सरांनी उभा जन्म रॉकेटच्या वाटा आखण्यात घालवला. निवृत्त होऊन कोकणात घरी आले, तरी उड्डाणं ठरवणाऱ्या समितीत त्यांचा शब्द अजून चालतो. सारंग तेंडोलकर त्यांचा शिष्य. हुशार आहे, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. सोमवारी समितीची बैठक होती. त्याआधी सरांचा होकार खिशात घालायला तो आमच्या आडगावात येऊन थडकला होता.

“आधी बापूंना समजावून सांग,” सर म्हणाले. “त्यांना कळलं तर मला कळेल.”

हे काही माझं कौतुक नव्हतं. पण मी सरसावून बसलो.

“बापू, हा हवामानाचा उपग्रह आहे,” सारंग म्हणाला. “तो उत्तर-दक्षिण फिरणार, दोन्ही ध्रुवांवरून. खाली पृथ्वी आपली फिरतेच आहे. त्यामुळे सगळी जमीन, सगळा समुद्र त्याच्या नजरेखालून जातो.”

“म्हणजे रॉकेट दक्षिणेला सोडायचं.”

“बरोबर. आणि तळ आपल्या पूर्व किनाऱ्यावर. तिथून दक्षिणेला काय येतं?”

“श्रीलंका,” मी म्हणालो. शाळेत भूगोल मला बरा होता.

“तिथेच तर घोडं अडलंय. म्हणून रॉकेट आधी आग्नेयेला, समुद्रावर काढायचं. बेट टाळलं की मग दक्षिणेला वळवायचं. त्या वळणात इंधन जळतं. जेवढं इंधन जास्त, तेवढं वरचं सामान कमी.”

“किती कमी?”

“माझ्या यंत्राएवढं.”

हे सांगताना त्याचा आवाज उतरला. समुद्रावरची वाफ मोजणारं यंत्र. वादळ धरायला लागलं की सगळ्यात आधी त्याला दिसणार. सहा वर्षं चौघांनी त्याच्यावर घातलेली.

“आमच्यातल्या मीनलने बाळंतपणाच्या रजेतसुद्धा चाचण्या सोडल्या नाहीत, सर. आता म्हणतात, तीस किलो जास्त होतात, यंत्र काढून ठेवा. तिला काय तोंड दाखवू मी?”

मला त्या पोराचं वाईट वाटलं. अगदी आतून वाटलं.

“मग तुझं म्हणणं काय?” सरांनी विचारलं.

“वळण थोडं कमी करायचं. सगळं बेट नाही, पूर्वेचं टोक तेवढं ओलांडायचं. काही सेकंदांचा खेळ आहे. नेमकं तेवढ्यात रॉकेट बिघडून खाली येईल, याची शक्यता लाखात एकसुद्धा नाही. खाली कुणाला कळणारही नाही.”

“खाली कोण राहतं?”

“कोळी असतील. आणि गंमत म्हणजे वादळाची खबर आधी त्यांनाच उपयोगी पडणार आहे. त्यांच्याच भल्याचं आहे, सर.”

“त्यांना विचारलंस?”

सारंग हसला. “त्यांना काय विचारायचं?”

सरांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“मला तर पटतंय याचं,” मी म्हणालो.

“तुम्हाला पटणारच,” सर म्हणाले. “तुम्ही इथे बसलाय.”

मागच्या बागेत सकाळपासून येणारे नारळ पडल्याचे आवाज एव्हाना थांबले होते.

“चहा उकळला असेल,” सर सारंगला म्हणाले. “तुझ्या काकू लेकीकडे गेल्यात आणि माझे गुडघे संपावर आहेत. तूच गाळून आण.”

“आणतो. काठोकाठ आणतो,” म्हणत तो माजघरातून स्वयंपाकघराकडे गेला. कामाला त्याचं कधी नाही नसतं, हे मात्र खरं.

तेवढ्यात जानू आला. सकाळपासून सरांच्या माडांवरचे नारळ उतरवत होता, जेवून हात पुसत पडवीवर चढला.

“सर, जरा पाठ टेकतंय.”

सरांनी हातानेच माजघराचं दार दाखवलं. “तिथे पड. वारा त्याच दारात आहे.”

जानू उंबऱ्यालगत आडवा झाला, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. डोक्याखाली टॉवेल घेतला आणि बघता बघता घोरायला लागला.

मी सरांकडे पाहिलं. सर बाहेर रस्त्याकडे पाहत होते.

चहा येईना.

माजघरात पावलं वाजली, थांबली, परत गेली. मग मागच्या दाराची कडी वाजली. मग विहिरीकडून कुणाचा तरी पाय घसरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ अस्सल मालवणी शिवी.

घराला पुरता वळसा घालून सारंग पुढच्या अंगणातून आला. पायात चप्पल नव्हती, पँट चिखलाने माखलेली. नारळांच्या ढिगावरून वाट काढावी लागली असणार. हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये तळं झालं होतं.

“अरे, दारातून यायचं सोडून हे काय?” सर म्हणाले.

“दारात हे झोपलेत ना.”

“मग? एक पाऊल टाकलं की इकडे.”

“हातात ट्रे घेऊन?”

“तुझा हात कापतो थोडाच.”

“हात नाही कापत हो, सर.” सारंग जरा चिडलाच होता. “पण झोपलेल्या माणसाला ओलांडायचं कसं?”

“त्याला कळलंही नसतं.”

“न कळेना का. ओलांडत नाहीत.”

एवढं बोलून त्याने दारातल्या जानूकडे पाहिलं.

ट्रे तसाच हातात. कडेवरून चहाचा एक थेंब त्याच्या पायावर पडला, तो त्याने पुसलाही नाही. जानू कूस बदलून पुन्हा घोरू लागला. मी उठून त्याच्या हातातला ट्रे घेतला, कारण मला ते बघवेना.

सरांनी एक कप उचलला. खाली टपकत होता, तो धोतराच्या सोग्याला पुसला. आत निम्माच चहा राहिला होता. तेवढा सर शांतपणे प्यायले.

सारंग पायरीवर बसला. बसल्यावर तो एकदम लहान दिसायला लागला.

“यंत्र मागे राहिलं तर वादळ उशिरा दिसेल, सर,” तो हळू आवाजात म्हणाला. “तेही खरंच आहे ना?”

“खरं आहे.”

“मग माणसं...”

“खरं आहे, सारंग.”

सरांनी असं नाव घेतलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट, त्यांनाच कुठेतरी दुखत असल्यासारखं वाटलं.

“इंधन वाढत नाही. वळण सोडता येत नाही,” सारंग म्हणाला. डोळे भरले होते, लपवलेही नाहीत त्याने. “यंत्र तर वर जायलाच हवं. मग मी करू काय?”

सरांनी रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला. दारात झोपलेल्या जानूकडे एकदा पाहिलं, मग सारंगच्या चिखलभरल्या पायांकडे.

“आणखी एकदा चहा आण,” ते म्हणाले. “वाट तीच. फक्त या खेपेला प्रत्येक कप जरा कमी भर.”