तळ्याविषयी मला विचारा

त्या राज्यात एकच तळं होतं, आणि ते आटत चाललं होतं.

हे सगळ्यांना दिसत होतं. पण त्या राज्याची एक रीत होती: काळजीची गोष्ट कुणी विचारल्याशिवाय बोलायची नाही. न विचारता बोलेल तो आगाऊ. त्यामुळे जो तो पाण्यावर यायचा, कालच्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं लागलं हे मनातल्या मनात मोजायचा, आणि “बरं आहे ना?” “बरं आहे” एवढं बोलून घरी जायचा. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या वर्षी सुगरणीला एक कल्पना सुचली. सुगरण पक्षीण म्हणजे त्या राज्यातली सगळ्यात हुशार विणकर. तिने कापसाचं एक अर्ध्या बाह्यांचं वस्त्र विणलं आणि त्याच्या छातीवर पळसाच्या फुलांच्या रंगाने लिहिलं, ‘तळ्याविषयी मला विचारा’. त्या वस्त्राला ती टी-शर्ट म्हणाली. का म्हणाली, हे कुणी विचारलं नाही, म्हणून तिनेही सांगितलं नाही.

पहिला टी-शर्ट तिने साळिंदरकाकांना दिला. काका वयस्कर, भले, आणि तीन वर्षांचं पोटात साठवून बसलेले. ते टी-शर्ट घालून बाहेर पडले, समोरून ससा आला, त्याने छातीवरची अक्षरं वाचली आणि विचारलं, “काका, तळ्याविषयी काय?” आणि काय सांगावं! काका दिवस मावळेपर्यंत बोलत होते. ससा रडला. दुसऱ्या दिवशी सशालाही टी-शर्ट हवा होता, आणि महिन्याभरात सगळ्या राज्याला हवा होता.

कापूस अगदी निर्मळ होता. त्यावर विषाचा थेंब पडलेला नव्हता. किडे वेचायचं काम मुनिया पाखरं करत, तेही आधी किड्यांची क्षमा मागून. खत शेणाचं, रंग फुलांचा, धागा चोचीने ओढलेला. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि इथेही ती काढायची नाही. फक्त कापसाला पाणी लागे, आणि ते तळ्याचंच लागे. दुसरं आणणार कुठून? शिवाय फुलांचा रंग नाजूक, घामाने काळवंडायचा. म्हणून टी-शर्ट रोज रिठ्याने धुवायचा, तीन पाण्यांतून काढायचा आणि तसाच ओला उतारावरच्या करंजाच्या झाडांवर वाळत घालायचा. मळका टी-शर्ट घातलेल्याला कोण विचारणार? साळिंदरकाकांचा टी-शर्ट तर काट्यांमुळे तीन दिवसांत चाळण होई. काका ओशाळून नवा घेत. “काय करणार, बोलायला तर हवंच,” असं म्हणत.

आणि बोलणं होत होतं, हे मात्र कुणी नाकारू नये. सकाळी, दुपारी, करंजाखाली, काठावर, जिकडे तिकडे तळ्याचीच गोष्ट. घारही टी-शर्ट घालून उडायची. बोलून बोलून सगळ्यांची मनं हलकी झाली होती. तळं त्या मानाने लवकर आटत होतं.

त्या राज्यात धोंडाई नावाची कासवीण राहायची. तिने त्या उन्हाळ्यात तळ्याच्या काठी, मऊ मातीत, नऊ अंडी घातली. कासवीण पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! धोंडाईला पिल्लांसाठी नजर नको होती, पाणी हवं होतं. अंडी घातली तेव्हा पाणी तिच्या वीस पावलांवर होतं. आठ दिवसांनी तिने पुन्हा मोजलं, तर पस्तीस. मग साठ. एवढ्याशा पिल्लांनी साठ पावलं उघड्या उन्हातून जायचं, आणि वर घार. टी-शर्ट घातला म्हणून घारीची भूक थोडीच जाते?

एके दिवशी धोंडाई उजाडल्यापासून दुपारपर्यंत धुण्याच्या दगडाशेजारी बसून राहिली. टी-शर्ट कोरडा पाण्यात जायचा आणि जड होऊन बाहेर यायचा. तो गेला की दुसरा. इतकी साधी गोष्ट. पण ती आपल्याच डोक्यात यावी, याने धोंडाई गोंधळून गेली. एवढी शहाणी मंडळी रोज तळ्यावर बोलतात, त्यांना हे दिसत नसेल असं होईल कसं? आपलंच काहीतरी चुकत असणार. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. तिसऱ्या दिवशीही तेच दिसलं, तेव्हा ती साळिंदरकाकांकडे गेली.

“साळिंदरकाका, जरा बोलायचं होतं.”

“बोला की!” असं म्हणून काकांनी सवयीने तिच्या छातीकडे पाहिलं. तिथे नुसती ढाल. काका अवघडले. “म्हणजे, कशाविषयी?”

“तळ्याविषयी.”

“अरेरे! पण मी तुम्हाला विचारू कसा, धोंडाई? तुमच्या अंगावर काही लिहिलेलंच नाही.”

“मग मी न विचारताच सांगते.”

काकांचे काटे उभे राहिले. “असं नका करू हो. तुमच्यासारख्या मोठ्या बाईने रीत मोडली, तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं? आधी टी-शर्ट घ्या. मी स्वतः सुगरणीला सांगतो.” आणि त्यांनी खरंच सांगितलं. काका शब्दाचे पक्के होते.

धोंडाईचं माप घ्यायला सुगरण स्वतः आली. ढालीवरून कापड न्यायचं, म्हणजे चार टी-शर्टांचा कापूस एकाला लागला. विणायला आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत पाणी आणखी चाळीस पावलं मागे सरकलं. “उशीर झाला, पण बसलाय बघ कसा!” सुगरण म्हणाली. आणि खरंच तो चांगला बसला होता.

त्या संध्याकाळी करंजाखाली सगळं राज्य जमलं. धोंडाई बोलणार म्हणून सशाने पुढची जागा धरली होती. त्यानेच विचारलं, “धोंडाई, तळ्याविषयी काही सांगा ना.”

धोंडाईने मान पूर्ण बाहेर काढली. ती म्हणाली, “पाणी टी-शर्टांत जातंय. धुणं बंद करा, निदान कमी तरी करा. माझी अंडी पाण्यापासून वीस पावलांवर होती, आता शंभरावर आहेत. पिल्लं एवढं चालू शकणार नाहीत. वाटेतच जातील.”

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “आजवर इतकं खरं कुणी बोललं नाही,” ते म्हणाले. हरणांनी माना हलवल्या. घारसुद्धा म्हणाली, “अगदी मनाला लागलं हो.” आणि तिला ते लागलंही असावं. धोंडाईला वाटलं, सुटले. घरी जाताना तिचे पाय हलके झाले होते.

सकाळी ती काठावर आली, तर धुण्याच्या दगडावर रोजच्यासारखीच गर्दी. पण सगळे तिच्याकडे बघून हसत होते, वाट देत होते. “निर्णय झाला!” ससा उड्या मारत म्हणाला. “तुमचं म्हणणं घरोघर पोचवायचं ठरलं. एकमताने!”

पंधरा दिवसांत प्रत्येकाकडे दुसरा टी-शर्ट आला. त्यावर लिहिलं होतं, ‘टी-शर्ट कमी धुवा’. एक दिवस हा, एक दिवस तो. आणि हा दुसरा तर जास्तच जपून धुवावा लागे. ‘कमी धुवा’ असं लिहिलेला टी-शर्ट मळका असला, तर लोक म्हणतील, हे आळसापोटी बोलतायत. मग म्हणण्याला वजन काय राहिलं? उतारावर आणखी कापूस लावावा लागला. रस्त्यात भेटेल तो धोंडाईला वाकून नमस्कार करू लागला.

आता यात नेमकं कुठे चुकलं, हे धोंडाईला कळेना. तिचं ऐकलं नाही म्हणावं, तर तिचे शब्द सगळ्यांच्या छातीवर. ऐकलं म्हणावं, तर पाणी दीडशे पावलांवर. कुणावर रागवावं, तर सगळे भले. भल्या माणसांवर रागावता येत नाही, हा एक वेगळाच ताप असतो. ही गोष्ट सांगणाऱ्यालाही तो कळतो.

ती सुगरणीकडे गेली. सुगरण विणता विणता थांबली.

“खरं सांगू का, धोंडाई?” ती हळूच म्हणाली. “मलाही मधूनमधून वाटतं. रात्री वाटतं, उद्यापासून विणायचं नाही. मग सकाळी कुणीतरी येतं, म्हणतं, तुझ्यामुळे मी बोलायला लागलो, नाहीतर गुदमरून मेलो असतो. त्याला मी काय सांगू? परत गप्प बस म्हणून?”

धोंडाईही बोलली होती ती टी-शर्ट घालूनच.

“पण माझी पिल्लं गं,” ती म्हणाली.

“हो ना,” सुगरण म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग सुगरणीने धागा उचलला, कारण काकांचा टी-शर्ट पुन्हा फाटला होता.

तेव्हापासून धोंडाईने बोलणं सोडलं आणि खणायला सुरुवात केली. अंड्यांपासून पाण्यापर्यंत तिने एक चर काढला, पिल्लांना सावलीतून जाता यावं म्हणून. टी-शर्टने पाय अडकायचे, म्हणून तो तिने काढला. कुणीतरी तो उचलून नेला, प्रेमाने धुतला, करंजावर घातला आणि पुढे रोज तसंच केलं. ती रोज खणायची आणि रोज पाणी पुढे गेलेलं असायचं. दोनशे. सव्वादोनशे. शेवटी तळ्याच्या मध्यभागी एक डबकं उरलं. तिथवर तिने चर नेला, आणि डबक्याकाठी पिल्लांची वाट बघत बसली.

एका सकाळी अंडी फुटली. कासवाच्या पिल्लांना पाण्याची वाट कुणी दाखवावी लागत नाही. ओलाव्याचा वास आला की ती चालायला लागतात. नऊ पिल्लं मातीतून वर आली, माना काढल्या, वास घेतला, आणि आईने एवढी खपून खणलेल्या चराकडे पाठ करून उताराकडे निघाली.

“अगं इकडे! इकडे!” धोंडाई ओरडली. पिल्लं वळली नाहीत. ती त्यांच्या मागे निघाली, आपल्या त्या चालीने, छाती फुटेस्तोवर. वर घार घिरट्या घालत होती. धोंडाई उतारावर पोचली तेव्हा पिल्लं सहाच उरली होती.

ती करंजाखाली होती. वर फांद्याफांद्यांवर राज्याचे सगळे टी-शर्ट टांगलेले, नुकतेच धुतलेले, निथळणारे. खाली थोडा चिखल झाला होता. पिल्लं त्या चिखलात उभी राहून माना वर करून, तोंडं उघडून टी-शर्टांकडे बघत होती. मधूनच एखादा थेंब पडायचा. ऊन चढत होतं, आणि थेंब उशिरा उशिरा पडू लागले होते.

“बघा, बघा!” साळिंदरकाकांचा आवाज आनंदाने कापत होता. “एवढीशी पिल्लं, पण वाचायला आली! विचारायला आली!” सगळे भोवती जमले. ससा खाली बसून पिल्लांना पहिल्यापासून समजावून सांगू लागला, की आपल्या राज्यात एक तळं होतं. सुगरण माप घेण्यासाठी धागा काढून उभी होती, पण तिचा हात पुढे जात नव्हता.

धोंडाई गर्दीतून वाट काढत आली. तिथेच टांगलेला तिचा स्वतःचा टी-शर्ट चार जणांच्या मापाचा होता. त्याची कड जमिनीला टेकत होती, आणि एवढ्या उन्हातही तो अजून जड होता. तिने ती कड जबड्यात धरली. पाय चिखलात रोवले आणि मान फिरवली. कापडाला पीळ पडला. केशरी पाण्याची धार पिल्लांच्या तोंडांवर पडली.

“अहो धोंडाई!” काका कळवळले. “हळू, अक्षरं चुरगळतायत!”

तोंडात कापड होतं, त्यामुळे धोंडाईला उत्तर देता आलं नाही. तिने आणखी एक पीळ दिला.